यूएसबी डिजिटल ट्यूनरला गोव्यात एकही वाहिनी सापडत नाही. दोष कशाचा समजावा?

डिचोलीकर:

नमस्कार. आमचे घर डिचोली तालुक्यात आहे. घरातला जुना दूरदर्शन संच गेल्या ऑक्टोबरात वीज पडल्यामुळे निकामी झाला. नवा संच घेण्याऐवजी घरात आहेच त्या संगणकाच्या मोठ्या पडद्यावर वाहिन्या पाहाव्यात, असा विचार करून मी एक यूएसबी डिजिटल ट्यूनर मागवला. वेष्टणावर ‘डिजिटल टीव्ही, डीव्हीबी-टी’ असे छापलेले आहे. सोबत लोहचुंबकाचे बूड असलेला वीतभर अँटेना, छोटा रिमोट आणि ड्रायव्हरची सीडी आली. संगणकावर विंडोज १० आहे. उपकरण जोडताच ओळखले जाते, सोबतचा प्रोग्रॅम सुरू होतो, ४७४ पासून ८५८ मेगाहर्ट्झपर्यंत शोध पूर्ण होतो आणि शेवटी वाहिन्यांची संख्या शून्य दिसते. खिडकीत, गच्चीवर, अंगणात, सगळीकडे हेच झाले. छपरावर वडिलांनी उभारलेला जुना यागी अँटेना अजून शाबूत आहे. पूर्वी त्यावर पणजीचे प्रक्षेपण स्वच्छ दिसत असे. त्याची तार जोडून पाहिली, तरीही शून्यच.

ही निकड का आहे, तेही सांगतो. माझी आई ज्या भजनी मंडळात गाते, त्या मंडळाचे ध्वनिचित्रमुद्रण पणजी दूरदर्शन केंद्राने केले असून ते चवथीच्या आधीच्या आठवड्यात प्रसारित होणार आहे. मंडळातल्या बहुतेक बायका सत्तरीच्या आसपासच्या आहेत. सगळ्यांनी आमच्या घरी एकत्र बसून तो कार्यक्रम पाहावा आणि तो संगणकावर कायमचा जतनही व्हावा, अशी आईची इच्छा आहे. फोनवरच्या ॲपचा सल्ला मला अनेकांनी दिला, पण आमच्या वाड्यावर पाऊस सुरू झाला की इंटरनेट तासन्‌तास जाते, त्यामुळे ऐन वेळी त्यावर भरवसा ठेवण्याची माझी तयारी नाही.

माझ्या शंका अशा आहेत: ट्यूनर सदोष आहे की अँटेना? केबलवाल्याची तार थेट या ट्यूनरला जोडली तर चालेल का? आणि दुसरा ट्यूनर घ्यायचाच असेल, तर तो कोणता?


दुर्भाटचा दुरुस्तीकार:

आपला ट्यूनर बहुधा ठणठणीत आहे आणि अँटेनाचाही दोष दिसत नाही. तो ट्यूनर ज्या प्रकारच्या लहरी शोधतो, त्या आपल्या घरापर्यंत येतच नाहीत, हे खरे कारण आहे. मी पंचवीसहून अधिक वर्षे फोंड्याच्या परिसरात रेडिओ आणि दूरदर्शन संच दुरुस्त केले आहेत. ‘डिजिटल’ हा एकच शब्द वाचून खरेदी केल्यामुळे झालेली निराशा मी अनेक घरांत पाहिली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

डिजिटल प्रक्षेपणाचे तीन वेगळे मार्ग आहेत आणि प्रत्येकाचा ट्यूनर वेगळा असतो. जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येणाऱ्या प्रक्षेपणासाठी डीव्हीबी-टी आणि त्याची सुधारित आवृत्ती डीव्हीबी-टी२, केबलसाठी डीव्हीबी-सी, आणि उपग्रहावरून डिशवर येणाऱ्या प्रक्षेपणासाठी डीव्हीबी-एस व डीव्हीबी-एस२. या अक्षरांत मोठा अर्थ दडलेला आहे. एका मार्गाचा ट्यूनर दुसऱ्या मार्गाचे प्रक्षेपण वाचू शकत नाही, मग त्याला कितीही उंच अँटेना जोडा. इतकेच नव्हे, तर साधा डीव्हीबी-टी ट्यूनर डीव्हीबी-टी२ देखील वाचू शकत नाही, कारण दोन्हींत संकेतांची बांधणी आणि चुका दुरुस्त करण्याची पद्धत निराळी आहे. दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये १६ शहरांत जमिनीवरचे डिजिटल प्रक्षेपण सुरू केले, ते डीव्हीबी-टी२ मध्ये. त्या १६ शहरांत मुंबई, औरंगाबाद आणि बंगळूर होती, परंतु गोव्यातले एकही शहर नव्हते. डिचोलीहून मुंबई सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरहून दूर आहे आणि बंगळूरच्या वाटेवर तर सह्याद्री उभा आहे. अशा अंतरावर या लहरी पोहोचतील, ही आशा सोडून द्यावी. आणि त्या पोहोचल्या असत्या, तरी आपल्या हातातला ट्यूनर त्या वाचू शकला नसता.

यागी अँटेनाबद्दल आपण लिहिले, ते वाचून मलाही जुने दिवस आठवले. आपल्या वडिलांच्या काळात त्यावर दिसत असे ते ॲनालॉग प्रक्षेपण होते. ते देशभर टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले. शिवाय आपला ट्यूनर केवळ डिजिटल असल्यामुळे ॲनालॉग प्रक्षेपण चालू असते तरी त्याला ते दिसले नसते.

केबलची तार थेट जोडण्याचा विचारही सोडावा. केबलचे डिजिटलीकरण २०१२ मध्ये चार महानगरांपासून सुरू झाले आणि पुढच्या टप्प्यांत ते सर्वत्र लागू झाले. तेव्हापासून केबलवरच्या वाहिन्या कुलूपबंद स्वरूपात येतात आणि ते कुलूप केबलवाल्याने दिलेल्या बॉक्सनेच उघडते. डीव्हीबी-सी ट्यूनर घेतलात, तर त्याला वाहिन्यांची नावे कदाचित दिसतील, चित्र मात्र दिसणार नाही.

राहिला उपग्रह, आणि आपल्यासाठी तोच मार्ग खुला आहे. प्रसार भारतीची डीडी फ्री डिश ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिला मासिक वर्गणी नाही. ती सध्या ९३.५ अंश पूर्व रेखांशावरच्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, मार्च २०१९ मध्ये ज्या ११ राज्यांच्या दूरदर्शन वाहिन्या फ्री डिशवर आणल्या गेल्या, त्यांत गोव्याची वाहिनी होती. म्हणजे पणजीत मुद्रित झालेला आपल्या आईंचा कार्यक्रम उपग्रहावरून आपल्या अंगणात उतरू शकतो. आपल्याला डीव्हीबी-एस२ चा यूएसबी ट्यूनर आणि एक डिश लागेल.


म्हापशाहून:

दुर्भाटच्या काकांनी मूळ कारण अचूक सांगितले आहे. मी गेली सहा वर्षे डीव्हीबी-एस२ ट्यूनरवर संगणकात दूरदर्शन पाहत आहे, म्हणून प्रत्यक्ष जोडणीत जिथे लोक अडतात, त्याविषयी लिहितो.

उपग्रहाचा यूएसबी ट्यूनर पेनड्राइव्हसारखा चिमुकला नसतो. तो लहान डबीएवढा असतो आणि त्याला स्वतःचा वीज अडॅप्टर असतो. याचे कारण डिशच्या टोकावरच्या एलएनबीत, म्हणजे लहरी पकडून केबलमध्ये सोडणाऱ्या छोट्या डबीत, आहे. त्या एलएनबीला ट्यूनरकडूनच, त्याच केबलमधून, १३ किंवा १८ व्होल्ट वीज पुरवावी लागते. १३ व्होल्ट दिले की तो उभ्या ध्रुवणाच्या, म्हणजे उभ्या दिशेने कंप पावणाऱ्या, लहरी घेतो आणि १८ दिले की आडव्या. यूएसबी २.० च्या एका जोडणीतून ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अवघी अडीच वॅट वीज मिळते, आणि त्यात ट्यूनर व एलएनबी दोघांचे भागत नाही. म्हणून ज्या उपकरणासोबत वेगळा अडॅप्टर येत नाही, त्याच्या वेष्टणावर उपग्रहाचे चित्र असले तरी ते घेण्यापूर्वी नीट चौकशी करावी. त्याचप्रमाणे अडॅप्टर न लावता शोध घेतला, तर उपकरण संगणकाला दिसते आणि तरीही वाहिन्या शून्यच येतात. ही चूक मी स्वतः केली होती आणि दोन दिवस डिश हलवत बसलो होतो.

आता डिशची दिशा. गोव्यातून जीसॅट-१५ आग्नेयेच्या किंचित पूर्वेकडे, खऱ्या उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १२७ अंशांवर, आणि क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंचीवर आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या लहान डिश ऑफसेट प्रकारच्या असतात, म्हणजे एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूस असतो. त्यामुळे डिश पाहताना ती तितकी वर रोखलेली वाटत नाही. केवळ नजरेच्या अंदाजाने ती आणखी वर वळवू नका. पाठीमागच्या पट्टीवरच्या अंशांच्या खुणा पाहा. डिचोलीत घराभोवती माड आणि आंब्याची झाडे असणारच. उपग्रह इतक्या उंचावर असल्याचा इथे मोठा फायदा होतो: डिशपासून १० मीटर दूर असलेले झाड डिशच्या पातळीपेक्षा साधारण १८ मीटर उंच असेल, तरच ते आड येते. म्हणून माड तोडण्याचा विचार करण्याआधी डिश अंगणात थोडी सरकवून पाहावी.

प्रोग्रॅममध्ये एलएनबीचा प्रकार ‘युनिव्हर्सल’, म्हणजे ९७५० आणि १०६०० मेगाहर्ट्झ, असा निवडावा लागतो. उपग्रहावरून येणारी लहर केबलमधून तशीच खाली येत नाही. एलएनबी तिच्या वारंवारतेतून ९७५० वजा करतो, आणि ११०९० मेगाहर्ट्झची लहर ट्यूनरपर्यंत येताना १३४० ची झालेली असते. ही वजाबाकी प्रोग्रॅमला ठाऊक नसेल, तर तो चुकीच्या जागी शोधत राहतो. शोध सुरू करताना ११०९०, उभे ध्रुवण, सिंबॉल रेट (संकेत येण्याचा वेग) २९५०० ही आकडेवारी हाताने भरा. सिग्नलची पट्टी हलली की मग डिश अगदी सावकाश, एका वेळी बोटाच्या पेराइतकी, डावी-उजवीकडे सरकवा आणि प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद थांबा. ट्यूनरला संकेत पकडायला तेवढा वेळ लागतो. आपण थांबलो नाही, तर योग्य जागा हातून निसटून जाते. शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत थोडा गोल फिरवून गुणवत्तेचा आकडा सर्वांत जास्त कुठे येतो ते पाहावे. यात ताकदीच्या पट्टीपेक्षा गुणवत्तेच्या पट्टीकडे लक्ष द्यावे.

विंडोजवर डीव्हीबी-व्ह्यूअर, प्रोगडीव्हीबी किंवा नेक्स्टपीव्हीआर हे प्रोग्रॅम चालतात. लिनक्सवर मी काफीन वापरत असे. आता टीव्हीहेडएंड वापरतो, कारण एका संगणकाला ट्यूनर जोडला की तो घरातल्या दुसऱ्या संगणकांना आणि फोनना घरच्याच जाळ्यावरून वाहिन्या पुरवतो आणि त्यासाठी बाहेरच्या इंटरनेटची गरज पडत नाही. लिनक्स वापरायचे असेल, तर खरेदीपूर्वी त्या ट्यूनरच्या आतल्या चिपला कर्नेलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, आधार आहे का, हे तपासावे. काही चिपना ड्रायव्हरखेरीज फर्मवेअरची, म्हणजे चिपच्या आतच चालणाऱ्या प्रोग्रॅमची, वेगळी फाइलही लागते.


काणकोणची वाचक:

वरचे दोन्ही सल्ले योग्य आहेत, पण वेळ थोडा आहे, म्हणून एक सोपी वाटही नोंदवते. आपल्या शेजारी कोणाकडे फ्री डिशचा चालू बॉक्स असेल, तर त्याच्या पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या जोडण्यांमधून निघणारे चित्र व आवाज संगणकात घेणारे यूएसबी कॅप्चर उपकरण स्वस्तात मिळते. त्यात डिश जुळवावी लागत नाही, वारंवारता भरावी लागत नाही. बॉक्सवर वाहिनी लावली की ती संगणकाच्या पडद्यावर येते. माझ्या सासऱ्यांची कीर्तने मी अशाच रीतीने जतन केली आहेत आणि आजही आम्ही ती पाहतो.

शेजाऱ्यांचा बॉक्स जुना असेल, तर मात्र आधी एक गोष्ट पाहून घ्या. फ्री डिशवरच्या काही वाहिन्या एमपेग-२ मध्ये आणि काही एमपेग-४ मध्ये, अशा चित्र दाबून पाठवण्याच्या दोन पद्धतींनी, येतात. जुना बॉक्स फक्त एमपेग-२ उघडतो. गोव्याची वाहिनी त्यावर प्रत्यक्ष दिसते का, याची खात्री करूनच कॅप्चर उपकरणावर पैसे खर्च करावेत.


म्हापशाहून:

ताईंचा मार्ग अडीअडचणीला उपयोगी आहे, हे मान्य. तरीही ज्या मुद्रणाची जन्मभर किंमत राहणार आहे, त्यासाठी मी तो सुचवणार नाही. पिवळ्या तारेतून निघणारे चित्र ॲनालॉग असते. म्हणजे बॉक्स डिजिटल संकेतांचे ॲनालॉग चित्र करतो, कॅप्चर उपकरण त्याचे पुन्हा डिजिटल करते आणि साठवताना संगणक ते पुन्हा दाबतो. या प्रत्येक टप्प्यावर चित्राचा थोडा तपशील कायमचा जातो. साडीच्या काठावर रंग पसरलेले दिसतात आणि टाळांच्या चकाकीभोवती कडा थरथरतात. डीव्हीबी-एस२ ट्यूनर मात्र उपग्रहावरून आलेले आकडे जसेच्या तसे फाइलमध्ये उतरवतो. प्रसारणाची जी गुणवत्ता, तीच आपल्या प्रतीची. शिवाय वेळ लावून ठेवली, तर तो स्वतःच मुद्रण सुरू करतो. कॅप्चर करताना बॉक्सवर योग्य वाहिनी लावून कोणीतरी थांबावे लागते.


डिचोलीकर:

सर्वांचे मनापासून आभार. आपल्या उत्तरांनंतर मी डीव्हीबी-एस२ ट्यूनर मागवला. तो अडॅप्टरसह आला. डिश विकत घ्यावी लागली नाही. आमच्या मामांकडे वर्गणी बंद केल्यापासून पडून असलेली एक डिश होती, ती आणली आणि तिला नवा युनिव्हर्सल एलएनबी बसवला. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत काहीच सापडले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डिश गोठ्याच्या बाजूला, माडांपासून दूर लावली, अंशांच्या खुणा पाहून कोन बसवला आणि साधारण तासाभरात गुणवत्तेची पट्टी वर चढली. शोध पूर्ण झाल्यावर वाहिन्यांची लांबलचक यादी आली, तेव्हा आई स्वयंपाकघरातून हात पुसत पाहायला आली. त्या यादीत सह्याद्री दिसली आणि गोव्याची वाहिनीही दिसली.

आता दोन अडचणी उरल्या आहेत. पहिली अशी की, काही वाहिन्यांचा आवाज नीट येतो, पण चित्राच्या जागी काळा पडदा राहतो. दुसरी अशी की, जिथे चित्र येते, तिथे माणसाने हात हलवला की हाताच्या कडेला फणीच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात. फुगडीच्या कार्यक्रमात तर सगळे चित्रच फाटल्यासारखे वाटले. डिश अजून नीट जुळलेली नाही, असे समजावे का?


दुर्भाटचा दुरुस्तीकार:

डिशला आता हात लावू नका. ती उत्तम जुळली आहे. उपग्रहाचा संकेत अपुरा असेल, तर चित्रात चौकोनी ठोकळे पडतात, ते गोठते आणि आवाजही तुटतो. आपण वर्णन केलेली दोन्ही लक्षणे संगणकाच्या आतली आहेत.

काळा पडदा दिसणाऱ्या वाहिन्या एमपेग-२ च्या असाव्यात. विंडोजच्या जुन्या आवृत्तींत एमपेग-२ चे चित्र उलगडणारा डीकोडर सोबत येत असे, पण विंडोज ८ पासून तो सर्वांना मिळत नाही. ट्यूनरसोबतचा प्रोग्रॅम विंडोजच्या डीकोडरवर अवलंबून असेल, तर आवाज उलगडतो आणि चित्र उलगडत नाही. लॅव्ह फिल्टर्स नावाचा मोफत संच बसवा आणि प्रोग्रॅमच्या मांडणीत चित्रासाठी तोच निवडा, की काम होईल. मुद्रित केलेली फाइल पाहायला व्हीएलसी वापरलात, तर हा प्रश्न मुळातच येत नाही, कारण त्याचे डीकोडर त्याच्या पोटातच असतात.

फणीच्या रेघांचे कारण जुने आहे आणि मला ते समजावून सांगायला आवडते. दूरदर्शनचे सर्वसाधारण चित्र ५७६ ओळींचे असते, परंतु त्या सगळ्या ओळी एकदम पाठवल्या जात नाहीत. आधी एकाआड एक अशा अर्ध्या ओळी आणि मग उरलेल्या अर्ध्या, अशी सेकंदाला ५० अर्धचित्रे येतात. काचेच्या नळीच्या जुन्या संचात ती त्याच क्रमाने पडद्यावर उमटत, म्हणून डोळ्यांना हालचाल सलग वाटे. संगणकाचा पडदा दोन्ही अर्धचित्रे एकत्र जुळवून दाखवतो. पण पहिल्या आणि दुसऱ्या अर्धचित्रामध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग गेलेला असतो आणि तेवढ्यात फुगडी घालणारीचा हात पुढे सरकलेला असतो. त्या दोन जागा एकाआड एक ओळींत दिसतात, त्याच या फणीच्या रेघा. प्रोग्रॅममध्ये ‘डीइंटरलेस’ चालू करा. व्हीएलसीमध्ये ही सोय व्हिडिओच्या यादीत आहे. तिथे ‘याडिफ २एक्स’ हा पर्याय निवडल्यास सेकंदाला पन्नास हालचाली पूर्ण दिसतात आणि जुन्या संचासारखा प्रवाहीपणा परत येतो.

एक विनंती आहे. ही प्रक्रिया फक्त पाहताना करावी. मुद्रित फाइल मूळ स्वरूपातच, म्हणजे टीएस या प्रकारातच ठेवावी. पुढे याहून चांगल्या पद्धती येतील, तेव्हा मूळ आकडे हाताशी असले पाहिजेत. जागेची चिंता करू नये: ३ मेगाबिट वेगाच्या वाहिनीचा एक तास सुमारे १.३५ गिगाबाइट भरतो.


म्हापशाहून:

पावसाविषयी लिहायचे राहून गेले होते, आणि कार्यक्रम चवथीच्या आधी असल्यामुळे ते महत्त्वाचे आहे. ११ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या या लहरी मुसळधार सरींत क्षीण होतात. गोव्याच्या पावसात काही मिनिटे चित्र जाणे हे डिश कितीही नीट जुळवली तरी पूर्णपणे टाळता येत नाही. पण ते कमी करता येते. ६० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटरची डिश लावली, तर तिचे क्षेत्रफळ सव्वादोन पट होते आणि तेवढाच अधिक संकेत गोळा होतो. मध्यम सरीत चित्र टिकते की जाते, हे बहुधा त्या शिलकीवरच ठरते. मामांची डिश लहान असेल, तर कार्यक्रमापुरती का होईना, कोणाकडून मोठी डिश मिळते का ते पाहा.

त्याहून स्वस्त आणि तितकाच आवश्यक उपाय म्हणजे जोडण्यांतून पाणी आत जाऊ न देणे. एलएनबीच्या तोंडाशी असलेल्या जोडणीत पाणी शिरले की तांब्याची तार हिरवी पडते आणि संकेत महिन्यागणिक खालावत जातो. किनाऱ्याजवळच्या घरांत खाऱ्या हवेने हे आणखी लवकर होते. जोडणीवर स्वतःला चिकटणारी रबरी पट्टी घट्ट गुंडाळावी आणि घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली झुकणारा एक वाक द्यावा, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी त्या वाकाशी गळून पडेल आणि भिंतीतून आत येणार नाही. आणि आपला जुना संच विजेमुळे गेला, असे आपण लिहिले आहे, म्हणून कळकळीने सांगतो: डिशच्या खांबाला भूजोडणी (अर्थिंग) करून घ्या आणि ढगांचा गडगडाट सुरू होताच केबल ट्यूनरमधून काढून ठेवा. ट्यूनरच्या मार्गे वीज थेट संगणकापर्यंत पोहोचते.

अजून एक गोष्ट. मार्चच्या मध्याच्या आणि सप्टेंबरअखेरच्या सुमारास काही दिवस सकाळी अकराच्या आसपास काही मिनिटे संकेत नाहीसा होतो, कारण त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा घाबरून डिश हलवू नये.


काणकोणची वाचक:

फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो आणि वाहिन्यांच्या जागा अधूनमधून बदलतात. म्हणून कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी पुन्हा एकदा शोध घेऊन गोव्याची वाहिनी जागेवर आहे ना, हे पाहून ठेवा. मुद्रणाची वेळ लावताना आधी दहा आणि नंतर वीस मिनिटे जास्त धरा. संगणक मध्येच झोपी जाणार नाही, अशी मांडणी करायलाही विसरू नका. माझ्या सासऱ्यांच्या एका कीर्तनाचा उत्तररंग त्याच कारणाने हातचा गेला आणि तो पुन्हा कधी प्रसारित झाला नाही.


दुर्भाटचा दुरुस्तीकार:

सुरुवातीला घेतलेला डीव्हीबी-टी ट्यूनर टाकून देऊ नका. त्याच्या आत आरटीएल२८३२यू ही चिप आहे का, ते उपकरणांच्या यादीत पाहा. असेल, तर तो संगणकावरचा रेडिओ म्हणून वापरता येतो. ही चिप लहरींचे कच्चे आकडे संगणकाला देऊ शकते, हे २०१२ च्या सुमारास उघड झाले आणि तेव्हापासून जगभरचे रेडिओप्रेमी ती वापरत आहेत. सोबत आर८२०टी ही लहरी निवडणारी चिप असेल, तर २४ पासून १७६६ मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा खुला होतो. विंडोजवर झॅडिग या छोट्या प्रोग्रॅमने त्याचा ड्रायव्हर बदलावा लागतो आणि मग एसडीआर-शार्प या रेडिओच्या प्रोग्रॅममध्ये एफएम केंद्रे ऐकता येतात. त्यासाठी छपरावरच्या यागीपेक्षा सोबत आलेला वीतभर अँटेनाही पुरेल. फक्त तो लोखंडी पत्र्यावर किंवा डब्याच्या झाकणावर उभा करावा.


डिचोलीकर:

कार्यक्रम काल झाला. वाड्यावरच्या अकरा बायका आमच्या ओसरीत बसल्या होत्या आणि संगणकाचा पडदा आम्ही देवघराच्या दाराशी ठेवला होता. सायंकाळी पावसाची मोठी सर येऊन गेली आणि त्या वेळी गुणवत्तेचा आकडा ७१ वरून ३८ पर्यंत उतरला, पण चित्र तुटले नाही. डिश ९० सेंटिमीटरची आहे, ती साखळीच्या एका स्नेह्यांनी दोन आठवड्यांसाठी दिली. तिसऱ्या अभंगाच्या वेळी मात्र दोन ठिकाणी क्षणभर ठोकळे पडले. तेवढे सोडले, तर बेचाळीस मिनिटांचे मुद्रण पूर्ण आहे. मूळ टीएस फाइल मी दोन वेगळ्या डिस्कवर ठेवली आहे. मंडळातल्या प्रत्येकीला पेनड्राइव्हवर प्रत देणार आहे.

लॅव्ह फिल्टर्सने काळा पडदा गेला आणि ‘याडिफ २एक्स’ ने फणीच्या रेघाही गेल्या. जुन्या ट्यूनरमध्ये आरटीएल२८३२यू च निघाली. डब्याच्या झाकणावर अँटेना उभा करून आज पहाटे १०५.४ लावले, तर पणजीचे एफएम रेनबो स्वच्छ ऐकू आले. आईने तो संगणक सकाळी रेडिओसाठी चालू ठेवायला सांगितले आहे. आपणा सर्वांना देव बरे करो.